स्वस्त रायफलीत पैसा कुठे वाचवला ते पाहा

पत्र: मी अमेरिकेत स्थायिक आहे, ग्रीन कार्डवर. शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलं, परवाना काढला आणि आतापर्यंत मित्राच्या उसन्या रायफलीवर हरणाची शिकार केली. आता स्वतःची रायफल घ्यायची आहे, पण खिसा मोठा नाही. शेजारच्या आजींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात तीन जुन्या रायफली आहेत. एक रेमिंग्टन ७८८, .२४३ या काडतुसाची. दुसरी ग्लेनफील्ड ३०, ३०-३० मध्ये. तिसरी ३०-०६ आहे. तिच्यावर जे. सी. हिगिन्स, मॉडेल ५० आणि सीअर्स एवढंच कोरलंय, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आजी म्हणतात, "तुला हवी ती घे, काय द्यायचं ते तूच ठरव." रेंजवर एक जण सांगतो, जुनं काम ते जुनं काम, डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो, तेव्हाची स्वस्त रायफल आज नुसतीच जुनी झाली आहे. कोणती घ्यावी, काय तपासावं आणि आजींना किती पैसे देणं योग्य होईल? आमच्याकडे जंगल दाट आहे, शंभर यार्डांपलीकडचं क्वचितच दिसतं.

उत्तर: रेंजवरचे दोघेही रायफल हातात न घेता बोलत आहेत. स्वस्त रायफल म्हणजे कारखान्याने कुठेतरी पैसा वाचवलेला असतो, एवढंच. तो लाकडात, पॉलिशमध्ये, नक्षीत किंवा नावात वाचवला असेल तर तुमचं काहीच बिघडत नाही. पण नळी बसवताना, नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टची पकड घडवताना किंवा चापाच्या यंत्रणेत हात आखडता घेतला असेल, तर ती रायफल फुकटातही महाग. तुमच्या तिन्ही रायफली पहिल्या जातीच्या आहेत, हे आधीच सांगतो. म्हणजे मूळ घडण चांगली आहे. इतक्या वर्षांत त्यांचं काय झालं, हे मात्र प्रत्यक्ष पाहूनच कळेल.

"स्वस्त" हा शब्दही त्या काळात नेऊन पाहा. ७८८ रेमिंग्टनने १९६७ मध्ये आणली, तेव्हा ती शंभर डॉलरच्या आत, नव्वदच्या आसपास मिळायची. १९६७ चे नव्वद डॉलर म्हणजे आजचे आठशेहून जास्त. आजची नवी बजेट रायफल त्याच्या निम्म्यातही मिळू शकते, आणि ती नेमही चांगला धरते. म्हणजे त्या काळी ग्राहक "स्वस्त" रायफलीसाठी जे मोजत होता त्यात बऱ्यापैकी यंत्रकाम आणि हातकाम बसत होतं. जुन्या बजेट रायफलींना आज जो मान आहे त्याचं कारण हेच. पण याच हिशेबाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. नवी रायफल वॉरंटीसकट कमी पैशांत मिळत असताना जुनीला किती द्यायचं, याला एक कमाल मर्यादा आपोआप पडते.

पैसा शहाणपणाने कसा वाचवतात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सॅव्हेज ११०. ती १९५८ मध्ये आली. नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यात, पक्की करायला तिला एक साधा नट आहे. नट सैल करायचा, नळी गेजच्या मापाने हवी तेवढी आत फिरवायची, नट आवळायचा. जे काम इतर ठिकाणी कसबी कारागीर वेळ घालून करायचा ते इथे थोडक्यात होतं, आणि माप अचूक बसतं. बोल्टचं डोकंही वेगळं आणि किंचित हलतं ठेवलंय, त्यामुळे पकडीचे दोन्ही लग, म्हणजे दाते, सारखे टेकतात. दिसायला ती रायफल कधीच देखणी नव्हती, पण पैसा वाचवूनही नेम सुधारला. याच्या उलट टोकाला रेमिंग्टनचीच २००१ ची ७१० पाहा. तिची नळी रिसीव्हरमध्ये दाबून बसवलेली आणि रिसीव्हरच्या आत बोल्ट सरकायला प्लास्टिकचं अस्तर. नळी खराब झाली तर साधा गनस्मिथ, म्हणजे बंदुकीचा कारागीर, ती बदलू शकत नाही. अशी रायफल जुन्या बाजारात कितीही पडत्या भावात दिसली तरी मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

आता तुमच्या तिघींकडे येतो.

७८८ ही १९६७ ते १९८३ पर्यंत बनली. रेमिंग्टनची नावाजलेली रायफल तेव्हाही ७०० होती, ७८८ ही धाकटी. दस्ता अक्रोडाचा नाही, साध्या लाकडाला अक्रोडी रंग दिलेला. बोल्टला नऊ लग, तीन-तीनच्या तीन ओळींत, आणि तेही पुढे नाहीत, मागच्या बाजूला. मॅगझिन एकेरी ओळीचं, तीन काडतुसांचं, म्हणून रिसीव्हरला खाली आणि बाजूला फार मोठी भोकं पाडावी लागली नाहीत. उरलं ते जाडजूड, ताठ लोखंड. नळी चांगली, रिसीव्हर ताठ आणि चाप ओढल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ कमी, या तिन्हींमुळे ती तिच्या किमतीच्या मानाने नवल वाटावं इतका बारीक नेम धरते. मागे लग असल्याचा तोटा झाडलेली काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्यांना जाणवतो. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, जरा जास्त ताणली जाते आणि लवकर बाद होते. तुम्ही विकतची काडतुसं वापरणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

तिच्यात तीन गोष्टी बघा. बोल्टचा दांडा बोल्टला ब्रेझिंग करून, म्हणजे धातूचा डाग देऊन, जोडलेला आहे, आणि काही रायफलींत हा जोड सुटल्याची उदाहरणं आहेत. दांडा हाताने सगळ्या बाजूंनी दाबून पाहा, जोडाच्या रेषेवर बारीक चीर दिसते का ते भिंगाने पाहा. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारा आकडा. तो छोटासा आहे आणि झिजतो. डमी काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागी, घालून दहा-बारा वेळा बाहेर काढा, प्रत्येक वेळी बोल्टने ते ओढून आणलं पाहिजे. तिसरं मॅगझिन. मूळ मॅगझिनच्या ओठांचा पत्रा वाकला की काडतूस वर चढत नाही, आणि मूळ मॅगझिन आज शोधावं लागतं, महागही पडतं. रेमिंग्टन २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यांत विकली गेली, त्यामुळे कारखान्याकडून या रायफलीच्या सुट्या भागांची आशा धरू नका. आजोबांच्या खणात दुसरं मॅगझिन सापडलं तर त्याची किंमत वेगळी धरा.

रेमिंग्टन म्हटलं की कोणीतरी चापाचं भय घालेल. ते भय ७२१, ७२२ आणि ७०० मधल्या जुन्या चापाबद्दल आहे. न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून त्यावर बरेच खटले झाले. ७८८ चा चाप वेगळ्या बनावटीचा आहे. तरीही तपासायचा, कारण साठ वर्षांचं वाळलेलं तेल कुठल्याही चापात गोंदासारखं चिकटतं.

ग्लेनफील्ड ३० बद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या जंगलासाठी माझ्या मनात तीच आहे.

ग्लेनफील्ड म्हणजे मार्लिन. दुकानांच्या साखळ्यांना स्वस्तात विकायला मार्लिनने हे दुसरं नाव ठेवलं होतं, ते १९८३ च्या सुमारास बंद झालं. आत जी यंत्रणा आहे ती मार्लिन ३३६ ची, म्हणजे १९४८ पासून चालत आलेली, चोख आणि भक्कम. वाचवलं कशात? अक्रोडाऐवजी बर्च. हाताने कोरलेल्या जाळीऐवजी दाबून उठवलेली नक्षी किंवा काहीच नाही. बस. गोळीला यातलं काही कळत नाही. शिवाय केस बाजूने बाहेर पडते, म्हणून वर मध्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवता येतो. जुन्या विंचेस्टर ९४ मध्ये केस वरून उडते, तिथे ही सोय नाही.

साल काढणंही सोपं आहे. १९७३ नंतरच्या मार्लिनच्या सिरियल नंबरातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा करा. नंबर २३ ने सुरू होत असेल तर १९७७ ची. मार्लिन २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनकडे गेली, नंतर कारखाना हलला, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या रायफलींबद्दल तक्रारी फार झाल्या. म्हणून नळीवर मागच्या बाजूला छोट्या वर्तुळात जे-एम अशी जुन्या कारखान्याची खूण असलेल्या रायफलींना लोक मुद्दाम शोधतात. तुमची त्या काळातलीच आहे. बर्चचा दस्ता असूनही तिला मागणी आहे ती या खुणेमुळे.

या रायफलीचं दुखणं नळीच्या तोंडाशी असतं. बोल्ट रायफलीचा बोल्ट काढून मागून सफाई करता येते. ग्लेनफील्डसारख्या लिव्हर रायफलीतही, जिथे चापाभोवतीचा दांडा हलवून काडतूस भरतात, लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो, पण बहुतेक मालक ते करत नाहीत. ते पोलादी गज पुढून, तोंडातून आत घालतात. वर्षानुवर्षं तो गज एकाच बाजूला घासत जातो आणि नळीच्या तोंडाची कड झिजते. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण त्या कडेवर अवलंबून असतो. कड एका बाजूला झिजली की मागून सुटणारा वायू गोळीला त्या बाजूने ढकलतो आणि नेम विस्कटतो. टॉर्च मागून लावा आणि तोंडाकडे भिंगातून बघा. नळीतले पीळ काठापर्यंत धारदार, सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. एका बाजूला गुळगुळीत उतार दिसला तर समजा. हा दोष गनस्मिथ तोंडाचा थोडा भाग कापून नवी कड घडवून दुरुस्त करतो, फार खर्च येत नाही. पण किमतीतून तो खर्च वजा झाला पाहिजे.

दुसरी एक गोष्ट तुम्ही मित्राच्या बोल्ट रायफलीवर शिकलात म्हणून आवर्जून सांगतो. या ग्लेनफील्डला बोटाने ढकलायची वेगळी सेफ्टी नाही. घोडा, म्हणजे मागचा हातोडा (चाप नव्हे), अर्ध्यावर ठेवणं हीच सेफ्टी. हरीण निघून गेलं की भरलेल्या रायफलीचा ताणलेला घोडा अंगठ्याने धरून, चाप हलकेच दाबून, खाली अर्ध्यावर आणावा लागतो. थंडीत, जाड हातमोज्यांत अंगठा निसटला तर गोळी सुटते. घरी रिकाम्या रायफलीवर हे इतकं करा की विचार करावा लागू नये. रायफलीचं तोंड नेहमी अशा ठिकाणी की गोळी सुटलीच तर जमिनीत जाईल. घोड्यावर आडवा खुंटा लावता येतो, त्यामुळे स्कोप असला तरी अंगठ्याला जागा मिळते. तो लावूनच घ्या. आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीवर. टोकदार कडक गोळी तिथे कधीही घालायची नाही. चपट्या टोकाच्या गोळ्या, किंवा या रायफलींसाठीच बनवलेल्या मऊ टोकाच्या.

आता तिसरी. आजोबांचा डोळा चांगला होता असं मला हिच्यावरून वाटतं.

सीअर्स ही दुकानांची साखळी स्वतः रायफली बनवत नसे. बनवून घेई आणि आपलं नाव घाली. आधी जे. सी. हिगिन्स, मग साठच्या दशकात बेसबॉलपटू टेड विल्यम्सचं नाव. माँटगोमेरी वॉर्डची वेस्टर्न फील्ड, वेस्टर्न ऑटोची रेव्हलेशन, या सगळ्या याच प्रकारच्या. सीअर्सच्या बऱ्याच रायफलींवर मॉडेल नंबरच्या आधी तीन आकडे असतात आणि तोच कारखान्याचा पत्ता. १०३ म्हणजे मार्लिन, ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड. मॉडेल ५० ही १९५० च्या दशकातली. हाय स्टँडर्डने ती जुळवली, पण मुख्य यंत्रणा बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, माउझर ९८ च्या घडणीची, आणि नळी आतून क्रोमने मढवलेली. बोल्ट मागे ओढून बघा. उजव्या बाजूला लांबलचक पोलादी पट्टीसारखा एक्स्ट्रॅक्टर, बोल्टच्या जवळपास अख्ख्या लांबीचा, दिसला तर खात्री पटली. एफएनची यंत्रणा त्या काळी महागड्या रायफलींतही वापरली जायची. म्हणजे इथे वाचवलं ते फक्त नावात. कपाटातल्या तीन नळ्यांत गंजाला सगळ्यात दाद न देणारी हीच असेल.

म्हणून आजींना ही गोष्ट आधी सांगा. दुकानाचं नाव पाहून त्या हिला सगळ्यात कमी समजत असतील, आणि कोणी चाणाक्ष माणूस येऊन कवडीमोलाने घेऊन जाईल.

आता अंगभर तपासणी. तिन्हींना लागू. सुरुवात रिकामी आहे का यापासून, डोळ्यांनी आणि बोटाने, मॅगझिनसकट. कपाटातली रायफल भरलेली सापडणं नवीन नाही.

नळी आधी साफ करा, मगच आत पाहा. तांब्याचा आणि धुराचा थर खड्डे झाकतो, आणि साफ न करता चकचकीत दिसणारी नळी साफ केल्यावर चट्टे दाखवते. टॉर्च पुढे धरा, मागून बघा. पूर्ण लांबीत थोडे बारीक खड्डे चालतील, अशा कितीतरी नळ्या वर्षानुवर्षं हरणं पाडतात. मात्र आत कुठे काळसर कडं दिसलं, म्हणजे प्रकाशात एक गोल सावली, तर नळी तिथे फुगली आहे. काही अडकलेलं असताना गोळी झाडली की असं होतं. बाहेरून बोट फिरवलं तर कधी कधी फुगवटा लागतो. अशी रायफल घ्यायची नाही. गोळ्या झाडून झालेली झीज मला या रायफलींत कमी अपेक्षित आहे. हरणाच्या शिकाऱ्याच्या हातून वर्षाला एखादं खोकं संपतं. नळ्या मरतात त्या ओल्या गवसणीत ठेवून.

गंज बघायचा तर दस्ता काढा. लाकडाच्या वरचं लोखंड सगळेच पुसतात. लाकडाच्या रेषेखाली, जिथे पावसाचं पाणी झिरपून बसतं, तिथे बघा. पृष्ठभागाचा तांबूस थर तेल आणि बारीक पोलादी लोकरीने निघतो. नखाला लागणारे खड्डे रिसीव्हरवर किंवा चेंबरच्या भागावर असतील तर गनस्मिथला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच लाकूड. रायफलीचा धक्का जिथे लाकडावर आदळतो ती खाच, आणि मागे जिथे दस्ता बारीक होतो ती मान, या दोन जागी चिरा पडतात. मानेशी लाकूड काळपट, तेलाने भिजलेलं असेल तर ते नरम झालेलं असतं. दस्ता काढताना स्क्रूंची डोकी बघा. खाचा कुरतडलेल्या असतील तर चुकीच्या मापाचे पेचकस चालले आहेत, म्हणजे आतही कोणीतरी हौशीने हात घातलेला असणार. मी स्क्रूंवरून मागच्या मालकाबद्दल जेवढं ओळखतो तेवढं त्याच्या सांगण्यावरून ओळखत नाही. स्कोपसाठी पाडलेली भोकंही अशीच बोलतात. कारखान्याची भोकं एका रेषेत असतात. घरी पाडलेली तिरकी असतात आणि स्कोप कधीच सरळ बसत नाही.

सेफ्टी आणि चाप. रायफल रिकामी, दिशा सुरक्षित. दोन्ही बोल्ट रायफलींत बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन सुटली तर ती रायफल तशीच खाली ठेवायची. मग सेफ्टी न लावता बोल्ट नेहमीपेक्षा जोरात पाच-सहा वेळा बंद करा. मग ताणलेल्या अवस्थेत दस्त्याच्या टाचेला रबरी हातोडीने ठोका. काहीही सुटता कामा नये. ग्लेनफील्डमध्ये घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोरात ओढा, घोडा हलला नाही पाहिजे. तिचा चाप पुढे-मागे डुलतो, खुळखुळ करतो. तो दोष नाही, मार्लिनची तशीच घडण आहे.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांतलं अंतर, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला गो आणि नो-गो गेज लागतात, आणि ते काम गनस्मिथला द्या. मामुली पैशांत होतं. तुम्ही जी घ्याल ती, पहिली गोळी झाडण्याआधी. चेंबर नळीवर कोरलेल्या काडतुसाचंच आहे का, हेही तो पाहील. जुन्या रायफली कधीकधी दुसऱ्या काडतुसासाठी रुंद केलेल्या असतात आणि नळीवरची अक्षरं तशीच राहतात. खणात आजोबांच्या झाडलेल्या रिकाम्या केस सापडल्या तर त्या घेऊन जा. तळाच्या जरा वर चमकदार कडं उमटलं असेल तर केस ताणली जाते आहे, हे तिथेच कळतं.

तिन्हींची काडतुसं सहज मिळतात, आणि हे तुमचं नशीब. जुन्या स्वस्त रायफलीत माणूस फसतो तो बऱ्याचदा इथे. .२२५ विंचेस्टरसारख्या काडतुसाची रायफल पडत्या भावात मिळते आणि मग काडतुसांसाठी वणवण करावी लागते.

तिन्हींवरचे जुने स्कोप शून्य किमतीचे धरा. आतला वायू निघून गेलेला असतो, थंड सकाळी काच धुरकट होते. नवा साधा पण विश्वासाचा स्कोप आणि तो बसवायच्या पकडी यांचा खर्च रायफलीच्या किमतीत मिळवूनच ठरवा, स्वस्त पडते की नाही ते.

किंमत ठरवायची रीत अशी. ऑनलाइन लिलावांत लोक मागतात तो भाव बघू नका, झालेल्या सौद्यांचा बघा. मागणारा काहीही मागतो. त्याच मॉडेलचे, त्याच काडतुसाचे, तशाच अवस्थेतले आठ-दहा पूर्ण झालेले सौदे काढा. ७८८ मध्ये काडतुसावरून फार फरक पडतो. .४४ मॅग्नम आणि ७ एमएम-०८ कमी बनल्या, संग्राहक जास्त देतात; .२४३ भरपूर आहेत. दुकानदार घेताना विक्रीच्या भावापेक्षा बरंच कमी देतो, त्याला दुकान चालवायचं असतं. तुम्ही आजींना दुकानदाराच्या खरेदीच्या आणि विक्रीच्या भावांमधलं काही दिलंत तर त्यांना दुकानापेक्षा जास्त मिळतील आणि तुम्हाला दुकानापेक्षा कमी पडतील. त्यातून दुरुस्ती वजा करायची ती गनस्मिथने सांगितलेली, तुम्ही अंदाजाने लावलेली नको.

निवड माझ्या मते ग्लेनफील्डची. दाट जंगल, शंभर यार्डांच्या आतलं हरीण, हलकी आखूड रायफल, आणि ३०-३० हे काडतूस १८९५ पासून नेमकं याच कामाला वापरलं जातंय. रेंजवर शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन-अडीच इंचांत पडल्या तर आणखी काही मागू नका. दोन गोळ्यांमध्ये नळी गार होऊ द्या. ग्लेनफील्डच्या तपासणीत खोट निघाली तर ७८८ घ्या, .२४३ मध्ये १०० ग्रेनची गोळी हरणाला पुरते, धक्काही कमी. ३०-०६ तुमच्या जंगलाला गरजेपेक्षा जास्त आहे. पण पुढे कधी मोकळ्या रानात, लांबच्या नेमाची शिकार करायची मनात असेल तर मात्र माझं उत्तर बदलेल आणि मी हिगिन्सच घ्यायला सांगेन.

कागदांचं थोडं. ग्रीन कार्ड असल्याने मालकीला संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. कामाच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या तुमच्या मित्रांना मात्र सांगून ठेवा, त्यांना वैध शिकार परवान्यासारखा कायद्यातला अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. खासगी विक्रीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. नियम काहीही असो, सौदा परवानाधारक दुकानदारामार्फत नोंदवा. त्याचं शुल्क भरा. आजींच्या दृष्टीने तेच सुरक्षित आहे, रायफल त्यांच्या हातून कायदेशीर गेल्याची नोंद राहते. एखाद्या जुन्या स्वस्त बंदुकीवर नंबर नसला तर घाबरू नका. सगळ्या बंदुकांवर नंबर सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने. पण नंबर होता आणि घासून काढलाय असं दिसलं तर तिला हात न लावता वकिलाला विचारायला सांगा. आणि आजोबांची मालमत्ता विकायचा अधिकार कागदोपत्री आजींकडे आला आहे ना, ते त्यांच्या मुलांसमोर एकदा विचारून घ्या.

उरलेल्या दोन रायफली त्यांना विकायच्या असतील तर दुकानदाराला कमिशनवर ठेवायला सांगा, सरसकट विकून टाकू देऊ नका. त्याआधी तिन्ही रायफली दोन वेगवेगळ्या दुकानदारांना दाखवा, प्रत्येकीचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद आजींच्या हातात दिल्यावरच तुमचा आकडा सांगा.